कण्हेरीचा पाला

कात्री हवेत दोनदा वाजवल्याशिवाय मास्तर बोलत नसत. कट-कट. समोरच्यानं वर पाहिलं की मग प्रश्न, "बोला, कुठं?" आता समोरचा कुठंही निघालेला नसायचा. तो बिचारा कण्हेरीला सायकल टेकवत असायचा, नाहीतर बोलता बोलता हाताशी आलेलं पान ओढत असायचा. पण सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा वाजवायचा आणि प्रवाशाला विचारायचं, ही हाताला लागलेली सवय. चिमटा जाऊन मशीन आलं, मशीन जमा करून ते निवृत्त झाले आणि हातात झाडं छाटायची कात्री आली. सवय होती तिथंच राहिली.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शाळेचे मास्तर गावात बदलून येत-जात राहिले, त्यांना आडनावानं ओळखायचे. नुसतं मास्तर म्हटलं की हेच. उंच, वाळकुडे, निवृत्तीनंतरही खाली खाकी पँट आणि वर बनियन. आवाज असा की त्यांच्या बसमध्ये झोपलेला माणूस कधी आपलं गाव सोडून पुढं गेला नाही.

पुसेगाव आणि सेनगावच्या मधे कुठंतरी आमच्या गावाचा फाटा आहे. तिथं रस्त्याच्या एका बाजूला मास्तरांचं घर, त्याला लागून बस थांबायचा निवारा, आणि बरोबर समोर माझं दुकान. विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्यांत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायची, हा माझा धंदा. हाताला काम आणि डोळ्यांना सुट्टी, असलं हे काम. त्यामुळे मास्तर आणि त्यांची कण्हेर बघण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. म्हणून हे मी लिहितो आहे. त्यांच्याविषयी गावात आता जे बोललं जातं ते ऐकून गप्प बसणं मला जमत नाही.

निवृत्त होताना लोकांना शाल मिळते, घड्याळ मिळतं. यांनाही मिळालं. पण घरी येताना त्यांनी डेपोच्या दारातल्या कण्हेरीच्या काड्या मागून आणल्या, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून. पेन्सिलीएवढ्या जाड. खालची पानं काढली, शेंड्याची तेवढी ठेवली आणि पाण्याच्या बाटल्यांत घालून काड्या खिडकीत उभ्या केल्या. पाणी रोज बदलायचं. एका सकाळी काडीच्या बुडाला पांढऱ्या मुळ्या दिसल्या, तर त्या बघण्यासाठी मला दुकानातून उठवून रस्ता ओलांडायला लावलं. "बघा मिस्त्री," म्हणाले, "शीट मिळालं." चेहरा असा की नातू झाल्याची बातमी देत असावेत.

मग त्या काड्यांची झाडं झाली, त्या झाडांच्या आणखी काड्या झाल्या, आणि निवाऱ्याच्या दोन्ही अंगांना रस्त्याच्या कडेनं रांग उभी राहिली. गुलाबी, पांढरी, आणि टोकाला एक गर्द लाल दुहेरी पाकळ्यांची. झाडांना नावं नव्हती, बसमधल्या शीटसारखे नंबर होते. "चार नंबरला मावा लागला," म्हणून सकाळी सकाळी साबणाचं पाणी घेऊन धावायचे आणि शेंड्यावरची ती पिवळी किडकी जत्रा बोटांनी पुसून काढायचे. निवाऱ्याशेजारची पांढऱ्या फुलांची झाडं महिलांसाठी राखीव. तिथं एखादा पुरुष टेकला की कट-कट ऐकू यायचं आणि तो गडी मुकाट पलीकडं जायचा.

कण्हेरच कशाला, म्हणून सुरुवातीला आम्ही त्यांची भरपूर चेष्टा केली. चीक विषारी, वास बेताचा. जास्वंद लावा, मोगरा लावा, असे फुकटचे सल्ले दिले. त्यांनी जास्वंद आधी लावून पाहिली होती. तगरही लावली होती. आमच्या गावात दर दोन घरांआड शेळ्या आहेत, आणि पलीकडच्या वस्तीवरची मेंढरं रोज याच रस्त्यानं चरायला जातात. सकाळी लावलेल्या जास्वंदीचा संध्याकाळी खुंट उरायचा. फक्त कण्हेरीला शेळीनं नाक लावलं आणि तोंड फिरवून ती पुढं गेली. शिवाय या झाडाला पाण्याचा लाड नको. मे महिन्यात डांबर मऊ होतं, गाड्यांची धूळ पानांवर बोटभर चढते, माणसं सावलीला तोंड लपवतात, आणि ही बाई गुलाबी फुलांनी भरून उभी.

तरी मास्तर तिला वाऱ्यावर सोडत नसत. फुलांचा मोठा बहर सरला की छाटणी. फूल नव्या फांदीवर येतं, म्हणून जुनं लाकूड कमी करायचं. जिथं कापलं तिथून दोन-तीन नव्या फांद्या निघतात. बुडातून जे कोंब येतात ते मात्र कापायचे नाहीत, हातानं उपटायचे, कारण कापले की दुप्पट होऊन येतात. हे सगळं ते मला मोठ्यानं सांगायचे, रस्त्याच्या पलीकडून, मधून ट्रक जात असला तरी.

छाटणीच्या दिवसाची एक रीत होती. ती मला त्यांच्याशिवाय कुणाकडंच दिसली नाही. आधी झाडाखाली जुनी ताडपत्री पसरायची. मग छाटायचं. मग ताडपत्रीची मोट बांधून पाला घरामागच्या खड्ड्यात ओतायचा, वर माती, मातीवर दगड. मग पुढचं झाड. शेवटी खराट्यानं कड झाडायची आणि वाकून वाकून सुटं पान उचलायचं. जाळायचंही नाही, धूर छातीत जातो म्हणून. गाव हसायचं. मास्तर पाल्याला माती देऊन राहिले, असं म्हणायचं. मीही एकदा विचारलं, तिसऱ्या दिवसाला कधी बोलावता?

ते हसले नाहीत. खड्ड्यावर दगड सरकवत म्हणाले, "मिस्त्री, हिरवा पाला शेळी हुंगती अन् सोडती. वाळला की तिला त्याचा कडूपणा कळत न्हाई. वाळलेला पाला ती खाती. जहर मात्र त्यात तितकंच ऱ्हातं. झाड म्या लावलं ना रस्त्यावर? मग पाल्याची जिम्मेदारी कोणाची?"

त्यानंतर मी चेष्टा बंद केली. गावानं केली नाही.

श्रावणात बायका महादेवाला फुलं न्यायला यायच्या. मास्तर स्वतः तोडून द्यायचे, तोडू द्यायचे नाहीत. एकदा उभ्या बसच्या खिडकीतून कुणी हात बाहेर काढून लाल झाडाची आख्खी फांदी मोडली. बस सुटली होती. मास्तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ब्रेक लागला. ते चढले, त्या पाहुण्याच्या मांडीवरची फांदी उचलली, खाली पडलेली पानं सीटखालून वेचली आणि उतरून दार आपटलं. बसमधला तरुण कंडक्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं खिडकीतून हात जोडले आणि मग घंटी मारली.

शेळ्यांवरून त्यांचं रोजचं भांडण गिरजामावशीशी. ही विधवा बाई, पोटाला काय ते पाच-सात शेळ्यांचं. प्रत्येक शेळीला नाव, आणि ते नाव घेऊन शिव्या. तिच्या शेळ्या रांगेजवळून निघाल्या की मास्तर ओरडायचे, आणि ती उलट ओरडायची, "तोंड तरी लावती का मही शेळी तुमच्या झाडाला? मग काहून गळा फाडून राहिले?" एवढं होऊन दुपारी तीच मावशी पांढऱ्या झाडांच्या सावलीत शेळ्या घेऊन बसलेली असायची, आणि मास्तर घरातून तिला पाण्याचा तांब्या आणून द्यायचे.

ती सावली ही खरी गोष्ट होती, आणि ती गावाला कधी दिसली नाही. सरकारी निवारा असा बांधलाय की दुपारनंतर सगळं ऊन सरळ आत येतं. वरच्या पत्र्यापेक्षा तो कुणाच्या प्रयत्नानं झाला याची पाटी मोठी. सेनगावच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरी बस येईपर्यंत निवाऱ्यात नाही, कण्हेरीच्या आडोशाला उभ्या राहायच्या. ऊनही लागत नसे आणि जीपवाल्यांच्या नजराही. मास्तरांनी ती रांग नेमकी तेवढ्या उंचीवर छाटलेली असायची.

आता ज्याच्यामुळे हे सगळं गेलं त्याच्याबद्दल. आमच्या गावात एक दादा आहे. प्रत्येक गावात असतो. सरपंच त्याची भावजय, सह्या तिच्या आणि तोंड याचं. त्याच्या मनात आलं की गावाला कमान पाहिजे. गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि फाट्यावर सिमेंटची कमान उभी राहिली. वर दोन हत्ती. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार. आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की रस्त्यावरून येताना कमानीचे खांब कण्हेरीआड जातात, फोटोत नुसती झाडं येतात.

मास्तर तेव्हा आखाडा बाळापूरला होते. त्यांची एकुलती मुलगी तिथं दिली आहे. नातवाचं जावळ काढायला त्या लोकांबरोबर तेही देवाला गेले होते. हे दादाला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो दिवस धरला, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय आणि इथंही सांगतो. सकाळी जेसीबी आला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खसाखस सगळी रांग जमिनीलगत कापून निघाला. मी रस्ता ओलांडून आडवा गेलो. दादा शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, तुमचं दुकान बी रस्त्याच्याच हद्दीत हाय ना?" मी म्हटलं, तेही पाड, पण मास्तर येईस्तोवर थांब. कोण थांबतंय.

झाडं तर गेली. मग मी पाल्यासाठी भांडलो. सांगितलं, हा पाला असा पडू देऊ नका, वाळला की जनावरं खातील. दादाची माणसं हसली. कार्यक्रम झाल्यावर बघू म्हणाली. मी आणि हॉटेलवाले युसूफभाई संध्याकाळपर्यंत ओढ-ओढ करून मास्तरांच्या खड्ड्यात टाकत राहिलो. खड्डा भरला. उरलेला सकाळी टाकू म्हणून आम्ही घरी गेलो, आणि सकाळी येऊन बघतो तर कड साफ. मला वाटलं, चला, नेला कुठंतरी. नंतर कळलं, दादाच्या माणसांनी ट्रॅक्टरनं तो पुलाखालच्या कोरड्या नाल्यात ढकलला होता. रस्त्यावरून दिसत नाही ना, मग झालं.

पाहुणे आले. गाडीची काच खाली झाली, हात बाहेर आला, काच वर गेली. एवढं उद्घाटन.

मास्तरांना मी पहिल्या दिवसापासून फोन लावत होतो. लागला तो तिसऱ्या दिवशी. मिळेल त्या बसनं ते निघाले. बस फाट्यावर थांबली तेव्हा आजूबाजूची सगळी माणसं तमाशा बघायला उभी होती. आता मास्तर कुणाकुणाची आईबहीण काढतात, हे ऐकायला. मास्तर उतरले. बुंध्यांची रांग समोर होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला म्हणाले, "पाला कुठं हाय?"

मी म्हटलं, जमेल तेवढा खड्ड्यात टाकला, बाकीचा यांनी नेला. कुठं नेला, तर मला सांगता येईना. दादाच्या माणसांपैकी एकानं नुसती हनुवटी नाल्याकडे केली. मास्तरांच्या हातातली पिशवी खाली पडली आणि ते पळत सुटले. मी त्यांना पळताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

रांगेची सावली गेली होती. म्हणून गिरजामावशीनं शेळ्या नाल्यात उतरवल्या होत्या, पुलाच्या सावलीत. मे महिन्यात चारा कुठं असतो? वाळून गुंडाळलेला तो पाला शेळ्या कडकड खात होत्या, आणि मावशी खांबाला टेकून डुलकी घेत होती. मास्तर ओरडत खाली उतरले. एकेका शेळीचं तोंड फाकवून त्यांनी बोटं घालून पानं बाहेर काढली. बोटं रक्तानं भरली. मावशीला आधी कळेना, हा माणूस आपल्या शेळ्या काहून मारून राहिला. मग तिची एक शेळी उभ्या उभ्या कापायला लागली आणि गुडघ्यावर बसली.

गुरांच्या डॉक्टरांना फोन मास्तरांनीच केला. डॉक्टर आले, सुया टोचल्या. संध्याकाळपर्यंत दोन शेळ्या वाचल्या, बाकीच्या नाल्यातच गेल्या. मावशी एकेकीचं नाव घेऊन हाका मारत होती. मास्तर शेवटपर्यंत एका शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि कंडक्टरची ती जुनी खाकी पँट फेसानं भिजली होती.

तुम्ही म्हणाल, आता तरी गावाला शरम वाटली असेल. ऐका मग. दुसऱ्या दिवशी गावात एकच वाक्य फिरत होतं, मास्तरांच्या कण्हेरीनं शेळ्या मारल्या. जेसीबी कुणी आणला, पाला कुणी ढकलला, हे कुणाच्या तोंडी नाही. इतकी वर्षं त्या झाडांखाली एक पान पडू न देणारा माणूस, आणि तोच आरोपी. बैठक भरली तीही त्या कमानीखाली, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. दादा बोलायला उभा राहिला. झाड जहरी आहे हे मास्तरकाकांना माहीत होतं, तरी त्यांनी ते सार्वजनिक जागेत लावलं, असं काहीबाही. बुंधे आहेत तोवर परत फुटतील, तर ज्यानं लावलं त्यानं ते मुळासकट काढावेत, घराच्या अंगणातली झाडं सुद्धा, आणि गावात पुन्हा कण्हेर लावायची नाही. माना डोलल्या. त्या मानांमध्ये अशी माणसं होती ज्यांच्या पोरी रोज त्या आडोशाला उभ्या राहत होत्या.

मी उठलो आणि जे पाहिलं ते बोललो. दादा म्हणाला, मिस्त्री, हा शेळ्यांचा विषय आहे, राजकारण आणू नका. युसूफभाई माझ्या बाजूनं उठले, तर त्यांनाही बसवलं. मग सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मीही बघत होतो. मला वाटत होतं, आता कट-कट वाजेल आणि हा माणूस या सगळ्यांना एका रांगेत उभं करील. पण हातात कात्री नव्हती. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

गिरजामावशी बैठकीच्या कडेला जमिनीवर बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "झाड तुमचंच व्हतं ना, मास्तर?"

मास्तर म्हणाले, "व्हय, मावशी. झाड माझं व्हतं."

बस्स, एवढंच. माझ्या अंगाचा जाळ झाला. एका पानासाठी चालती बस अडवणारा माणूस, आणि जिथं गळा फाडून बोलायला पाहिजे तिथं दोन वाक्यांत गुन्हा अंगावर घेऊन बसला. घरी जाताना मी त्यांच्याशी बोललो नाही, इतका राग आला होता.

बुंधे त्यांनी स्वतः काढले. ती कण्हेर म्हणजे काही मुळा-गाजर नव्हे, मुळ्या रस्त्याच्या भरावात खोल गेल्या होत्या. टिकाव, पहार आणि ते चिंध्या बांधलेले हात. मी दोर लावून ओढू लागलो, ते नको म्हणाले नाहीत. प्रत्येक बुंधा काढला की तिथली माती चाळून ते मुळ्यांचे तुकडे वेचायचे आणि खड्ड्यात टाकायचे. अंगणातली झाडं काढली तेव्हा त्यांच्यावर फुलं होती. रस्त्यावरच्या लाल झाडाचा बुंधा शेवटी काढला. मग घराला कुलूप लावलं आणि ते बाळापूरला मुलीकडं गेले.

पुढं पावसाळ्यात दादानं फाट्यावर वृक्षारोपण केलं. गुलमोहोराचं एक रोप, त्याला हात लावलेली पंधरा माणसं, फोटो. आठवडाभरात शेळ्यांनी त्याचा खुंट केला. त्यावर बैठक भरली नाही.

मला त्यांच्याशी भांडायचं राहिलं होतं. तारेच्या कामानं बाळापूरच्या बाजारात गेलो तेव्हा मुलीच्या घरी गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. मुलीनं त्यांना विरंगुळा म्हणून कुंड्या आणून ठेवल्या होत्या, त्या रिकाम्याच होत्या. मी पाणीही न पिता विचारलं, "त्या दिवशी काहून बोलले न्हाईत तुमी? कोणी काय केलं हे गावातल्या लेकराला बी म्हाईत व्हतं."

त्यांनी हात चोळले. बोटांवर दातांचे व्रण राहिले होते. मग म्हणाले, "मिस्त्री, त्या बाईच्या शेळ्या तितं पडल्या व्हत्या. ती मला विचारून राहिली व्हती, दादाला न्हाई. तिच्यापुढं उभं राहून म्या काय कन्हेरीची वकिली करू? म्हणू, मावशी, माही काई चूक न्हाई?" पुढं म्हणाले, "चूक कोणाची ते मला बी म्हाईत हाय. पण त्यानं तिची एक शेळी उठली असती का?"

मी भांडायला गेलो होतो, ते राहूनच गेलं. जेवून परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले म्हणून मुलीचा फोन आला.

आणि आता शेवटचं. ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुकान उघडायला आलो तर कमानीवर मोठा फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. मास्तरांचा एसटीच्या गणवेशातला तरुणपणचा फोटो, खाली लिहिलेलं, वृक्षप्रेमी. आणि शेजारी, मास्तरांच्या दुप्पट आकाराचा, हात जोडलेला दादा, त्याच्याभोवती आणखी बारकी बारकी तोंडं. त्याच कमानीवर. मी मग दुकानातली शिडी काढली, तार कापायची पक्कड घेतली आणि भर सकाळी, बसला उभ्या असलेल्या सगळ्यांच्या देखत वर चढलो आणि चारी दोऱ्या कापल्या. दादाची दोन पोरं धावत आली, खालून काय करता म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, माझं दुकान रस्त्याच्या हद्दीत आहे, जा, जेसीबी आणा. उन्हात दप्तर डोक्यावर धरून उभ्या असलेल्या पोरींपैकी एकीनं पुढं होऊन शिडी धरली, तेव्हा ती पोरं मागं सरली.

फ्लेक्स गुंडाळून मी दुकानात आणून टाकला. मास्तरांचा फोटो जाळवत नव्हता, दादाचा ठेवायचा नव्हता. दुपारी गिरजामावशी आली. बैठकीनंतर ती माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. म्हणाली, ते कापड मला दे, शेळ्यांच्या मांडवावर टाकते, पाऊस येतोय. मी दिलं.

काही दिवसांनी तिच्या शेजारी मोटार बघायला गेलो, तेव्हा मांडव दिसला. फ्लेक्सची छापील बाजू तिनं आतून घेतली होती. दादाची बाजू विळ्यानं उभी कापून काढलेली होती, ती उकिरड्यावर पडली होती. मांडवाखाली त्या वाचलेल्या दोन शेळ्या, त्यांची करडं, आणि वर मास्तर, गणवेशात.

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिशी म्या तसं बोलायला नव्हतं पायजे. त्यांनी तर मला एक शबूद बी उलटून बोलला न्हाई." तिनं तुरीच्या भुशाचं पोतं उघडलं आणि शेळ्यांपुढे टाकायच्या आधी मूठ मूठ जमिनीवर पसरून त्यातली पानं निवडायला लागली. करडं तिच्या हातात तोंड घालत होती, ती त्यांना कोपरानं मागं सारत होती.

मी म्हटलं, "मावशी, गावात आता कन्हेर हाय कुठं?"

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली, आणि दुसरी मूठ पसरली.